प्रश्न आठवा: बदल्यात काय घेता?

सोमवार, १२ जानेवारी

काउंटीच्या वकिलाने भाग पाडलं म्हणून लिहायला बसले आहे. हार्लन म्हणाला, "व्हर्ना, आजपासून रोज काय घडतं ते लिहून ठेव. उद्या कुणी शपथेवर विचारलं, तर आठवत नाही म्हणायची वेळ यायला नको."

"मला सगळं आठवतं," मी म्हटलं.

"त्याचीच तर मला भीती वाटते."

म्हणून दोन वह्या केल्या. एक ऑफिसात, हार्लनसाठी. तिच्यात तारीख, वेळ आणि कागदाचा क्रमांक. ही दुसरी घरी, माझी. हार्लन घाबरट आहे, हे त्या वहीत लिहिता येत नाही. हिच्यात लिहिलं.

झालं ते असं. आमच्या राज्याने रोख जामीन बंद केला त्याला दोन वर्षं होऊन गेली. किरकोळ गुन्ह्यातल्या माणसाकडून आता पैसे घेत नाहीत. 'तारखेला येईन' एवढ्या शब्दावर सोडतात. वॉशिंग्टनला हे पसंत नाही. देशात कुठे कुठे असं चालतं याची ते यादी करताहेत. त्यासाठी आमच्या हॉर्नबीक काउंटीच्या कोर्टालाही चौदा प्रश्नांचा फॉर्म आला. कोर्टाची मुख्य लिपिक मी, गेली सव्वीस वर्षं, तेव्हा तो मीच भरला. प्रश्न सातवा: आरोपींना रोख रक्कम न घेता सोडता का? 'हो'वर खूण केली. प्रश्न आठवा: बदल्यात काय घेता? खाली चार पर्याय होते आणि शेवटी 'इतर', त्याच्यापुढे इंचभर जागा. खरं होतं ते लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली.

हार्लनने तिची प्रत आज वाचली आणि खुर्ची ओढून बसला.

"बॉलिंगचा चेंडू, एक. पेंढा भरलेला तितर पक्षी, एक. रजई शिवायची चौकट, एक. आंबवलेल्या पिठाची बरणी, एक, कंसात 'जिवंत'... व्हर्ना, हे तू वॉशिंग्टनला पाठवलंस?"

"रजिस्टर्ड पोस्टाने."

"राज्याचा कायदा म्हणतो, आरोपीकडून काहीही घ्यायचं नाही!"

"आपण घेत नाही. ते ठेवतात. मी चिठ्ठी बांधते."

हार्लनने डोकं टेबलावर टेकवलं. मला फाइल हवी होती, त्याच्या कपाळाखालून ओढून घेतली.

बुधवार, १४ जानेवारी

हार्लनला हवंय म्हणून फडताळाची हकिगत लिहून दिली. इथेही थोडक्यात लिहिते.

नवा कायदा आल्यावर पहिल्याच आठवड्यात नॉर्मा चाडेनला तिच्याच गाडीतून उचलून आणलं होतं. न वटलेले चेक. ती चर्चच्या जेवणाला निघाली होती, मांडीवर दुधातल्या बटाट्यांचं काचेचं भांडं. जजसाहेबांनी तिला सोडलं, ती रडत घरी गेली आणि भांडं माझ्या काउंटरवर राहिलं. बटाटे तुरुंगात वाढले. भांडं घासलं, कारण घाणेरडं भांडं मी ठेवून घेत नाही, आणि फोन करून सांगितलं, "तारखेला आलीस की घेऊन जा." तळाशी चिकटपट्टीवर तिच्या आईचं नाव होतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी राहिलेलं भांडं आणायला माणूस तापातही जातो. नॉर्मा तारखेला तासभर आधी येऊन बसली.

ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या महिन्यात अर्ल बुसने न सांगता बॉलिंगचा चेंडू आणून ठेवला. "मिसेस ओल्टमन, हा असू दे तुमच्याकडे. म्हणजे मला यावंच लागेल." तारीख झाली तरी त्याने तो नेला नाही, पुढच्या वेळेला लागेल म्हणाला. मग रांगच लागली. तळघरातलं एक रिकामं फडताळ होतं, ते मी कुलूप लावून घेतलं.

दोन वर्षांत एकशे बारा जणांना सोडलं. तारखेला न आलेले: शून्य. कारण उघड आहे. दिलेला शब्द माणसाच्या डोक्यातून जातो, आपली वस्तू जात नाही. कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकले, तिथे याला कार्यकारण म्हणत.

संध्याकाळी उद्याच्या चौघांना फोन केले. हे मी नेहमीच करते, कारण नोटिशीतलं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. अल्विना यान्सेनकडे गाडी नाही, तिला सकाळी घेऊन येईन. तिचं घर माझ्या वाटेवरच आहे, अकरा मैल पुढे.

बुधवार, २१ जानेवारी

वेंडेल क्रानला आणलं. रविवारी मोठा बर्फ पडला, तेव्हा तो आपल्या ट्रकला पातं लावून गावचे रस्ते मोकळे करत होता. मेव्हणा लेस्टरच्या दारावरून जाताना पात्याने पत्रपेटी उडाली. ते चुकून झालं असेलही. पण लेस्टरच्या दुकानापुढची दुसरी आणि गोठ्यापुढची तिसरीही उडाली. तीन ठिकाणं, तीन मैलांच्या अंतरावर.

जजसाहेब पिकेट यांनी विचारलं, "तिन्ही चुकून?"

"पहिली चुकून, साहेब. मग लेस्टर खिडकीत येऊन जे बोलला ना, त्यानंतरच्या दोन नाही."

रविवारच्या बायबलच्या वर्गात वेंडेलला मीच शिकवलं होतं. तेव्हाही तो असाच होता. खरं बोलायचा, फक्त करून झाल्यावर.

तारीख दिली: मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी नऊ. परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. बाहेर पडताना तो बायकोला घेऊन काउंटरवर आला. दोघांनी मिळून एक काळी पेटी उचलून ठेवली. त्याच्या वडिलांचा अकॉर्डियन. जर्मनीहून येताना आजोबांनी ट्रंक सोडली पण हा सोडला नाही, असं ते घराणं गेली शंभर वर्षं सगळ्यांना ऐकवतं.

"वेंडेल, एवढी मोठी वस्तू नको. टोपी ठेव."

"टोपीसाठी मी परत येईन असं वाटतं तुम्हाला?"

चिठ्ठी क्रमांक ११३.

शेरीफ डेल्बर्ट रूसही आज टोपी फडताळात विसरून गेला. महिन्यात तिसऱ्यांदा. त्याच्यावर कसलाच आरोप नाही, तरी वस्तू आहे म्हणून चिठ्ठी बांधली. मागच्या दोन्ही वेळी न्यायला आला तेव्हा कॉफी पिऊन गेला. वय झालं की माणसं विसरतात. सेवानिवृत्तीचा विचार करावा, असं त्याला सुचवणार आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वॉशिंग्टनचं पत्र आलं. पुरवणीतला मजकूर 'कोणत्याही वर्गात बसत नाही', म्हणून तपासायला एक अधिकारी येतोय. ९ तारखेपासून १७ पर्यंत राहील आणि शब्दावर सोडलेली माणसं येतात का ते स्वतः बसून पाहील.

जजसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "व्हर्ना, तो समोर बसलेला असताना एक जरी माणूस गैरहजर राहिला, तरी यादीत आपल्यापुढे काय शेरा पडेल?"

"'इथे शब्द चालत नाही.'"

"आणि मग पुढच्या वेंडेलला सोडताना माझा हात अडखळेल. तारखा काढ."

काढल्या. त्या आठवड्यात एकूण सहा. शेवटची १७ची, वेंडेलची. तो चुकला तर वॉरंट निघेल आणि खटला उभा राहीपर्यंत वेंडेल आत बसेल. आणि त्याच्यानंतर येणारेही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मिस्टर ऑरिन फॉक आले. पंचेचाळीस-सेहेचाळीसचे, सभ्य, अंगात शहरी कोट, पायात पातळ बूट. दारातच घसरले. त्यांना टेकू द्यायला मी काउंटरबाहेर आले, त्याला हार्लन 'सहकार्य' म्हणतो.

लगेच फडताळ दाखवलं. एकेक चिठ्ठी वाचून ते फॉर्ममध्ये काहीतरी लिहीत होते.

"हिची अंदाजे किंमत?" बरणीपुढे थांबून म्हणाले.

"ती विकायची नाही. अल्विनाच्या आजीच्या वेळचं आंबवण आहे. तिची पुढची तारीख मार्चात आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पीठ घालावं लागतं."

"कोण घालतं?"

"मी. सव्वाआठला. नाहीतर मरेल."

त्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे आरोपीचा जामीन तुम्ही जिवंत ठेवता."

"जामीन नाही. बरणी."

खालच्या कप्प्यात दातांची कवळी होती. तिच्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

लिंकनचा वाढदिवस, कोर्टाला सुटी. आतापर्यंत पाच तारखा झाल्या, पाचही जण वेळेवर. मंगळवारी अर्ल आला तेव्हा मिस्टर फॉक यांनी त्याला गाठून विचारलं, "तुम्ही चेंडूसाठी आलात का?" काल ते मला सांगत होते, "तो म्हणाला, 'चेंडू? घरी दुसरे दोन आहेत. पण मिसेस ओल्टमननी फोनवर नऊ म्हणजे नऊ म्हणून सांगितलेलं, साहेब. तुम्ही ऐकला नाहीत तो आवाज.'" हे सांगताना मिस्टर फॉक हसत होते. का ते कळलं नाही. अर्ल मूळ मुद्दा टाळतो, ही त्याची जुनी खोड आहे.

दुपारी वेंडेल घरी आला. टोपी काढून दारातच उभा.

"आत ये, ऊब बाहेर जातेय."

"मिसेस ओल्टमन, शनिवारी पोरीचं, ट्रुडीचं लग्न आहे. नदीपलीकडे, आयोवात."

"माहीत आहे. पुलापलीकडची परवानगी जजसाहेबांनी दिली आहे. कागद तुझ्या बायकोकडे दिला."

"परवानगीचं नाही." त्याने टोपी गोल फिरवली. "आमच्यात मुलीला नाचाला बाप उभं करतो. म्हणजे बाप वाजवतो. माझ्या बहिणीच्या वेळी आमच्या म्हाताऱ्याने वाजवला होता, त्याच अकॉर्डियनवर. लेस्टर नाचला होता तेव्हा. मेलेल्या बैलासारखा."

"वस्तू तारखेलाच परत मिळते. सगळ्यांना एकच नियम."

"हो. बरोबर आहे. नियम तो नियम." आणि निघाला. वाद नाही, विनवणी नाही. पायऱ्या उतरताना त्याची पाठ मात्र अशी दिसत होती की मला दार लावून घ्यावं लागलं.

मग उघडलं. "वेंडेल! उद्या सव्वाआठला तळघरात ये. हे परत देणं नाही, उसनं देणं आहे. मंगळवारी सकाळी तो अकॉर्डियन आधी माझ्या हातात. आधी तो, मग बाकी सगळं. समजलं?"

"आधी तो, मग बाकी सगळं."

"परत म्हण."

त्याने परत म्हटलं. दोनदा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अकॉर्डियन गेला. मिस्टर फॉक बाजूला उभे होते.

"म्हणजे आता त्याचं तुमच्याकडे काहीच नाही."

"नाही."

"तुमच्याच म्हणण्यानुसार माणसं वस्तूसाठी येतात. मग हा कशासाठी येईल?"

कॉलेज सोडल्यापासून माझ्या तर्काला कुणी असं पकडलं नव्हतं. मी म्हटलं की मला बरणीत पीठ घालायचंय.

हार्लन म्हणाला, "होता तो एकच धागा, तोही कापलास." जजसाहेबांनी डब्यातलं हॅमचं सँडविच अर्धंच खाल्लं आणि ठेवून दिलं. मी त्यांना एकवीस वर्षं ओळखते.

चुकलेच मी. नियम एकासाठी मोडला की तो नियम राहत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मला हे परीक्षेत आलं होतं आणि तेव्हा मी बरोबर लिहिलं होतं.

संध्याकाळी कुलूप लावताना फडताळात चॉकलेटचा डबा दिसला, बदामाच्या आकाराचा, लाल रिबिनीचा. कुणाचा, काही लिहिलेलं नाही. डेल्बर्टला विचारलं, फडताळाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते.

"काय की," म्हणाला. "उद्या चौदा तारीख. असेल कुणाचा तरी."

"चौदाला कुणाचीच तारीख नाही, डेल्बर्ट. शनिवार आहे."

"हो का," तो म्हणाला आणि टोपी न घेताच गेला.

चिठ्ठी क्रमांक ११९. मालक: अज्ञात.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सुटी. काल दुपारपासून बर्फ. रेडिओवर सांगितलं की पूल बंद आहे.

चारला नेहमीसारखा फोन केला. वेंडेलच्या बायकोने उचलला. ती काल सकाळीच लेस्टरच्या गाडीतून परतली. (लेस्टरच्या! म्हणजे तो लग्नाला गेला होता तर.) वेंडेल सामान आवरायला मागे राहिला, निघाला, आणि ट्रक पलीकडच्या काठावर खड्ड्यात गेला. हातपाय धड आहेत. एवढं सांगून त्याचा मोबाइल बंद पडला.

"नाच झाला का?"

"झाला ना! दीड तास. लेस्टर रडला."

"बरं. नऊ वाजताचं त्याच्या लक्षात आहे ना?"

"मिसेस ओल्टमन, लग्नात शपथा घेताना हा माझ्या कानात पुटपुटत होता, 'आधी तो, मग बाकी सगळं.' मला वाटलं, बायबलातलं आहे."

डेल्बर्टचा फोन आला. "व्हर्ना, गाडीला साखळ्या लावल्यात. पलीकडे जाऊन घेऊन येऊ का त्याला?"

"शेरीफने आणलं तर ती हजेरी नाही, अटक होते. त्याने स्वतः यायला हवं."

"तुझा तो वॉशिंग्टनवाला कुठून आणलं ते थोडाच बघतोय?"

"मी बघतेय."

तो मग म्हणाला, "तेही खरंच म्हणा," आणि ठेवून दिला.

शेगडीवर सूप होतं. जेवावंसं वाटलं नाही. सूप मी ठीकच केलं होतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते. ऑफिसच्या वहीतही हेच लिहिलं आहे, शेवटचा परिच्छेद सोडून.

७.३० — कोर्टात पोहोचले. रस्त्यांची स्थिती नोंदवायची म्हणून वरच्या मजल्याच्या खिडकीत उभी राहिले. स्थिती: पांढरी.

८.०० — डेल्बर्टची गाडी आली. सहापासून पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी उभा होता म्हणे, 'रहदारीसाठी'. पूल बंद असताना. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. "दिसला नाही, व्हर्ना." मी म्हटलं, टोपी घालत जा.

८.१५ — मी खिडकीतच होते.

९.०० — जजसाहेब बसले. मिस्टर फॉक पहिल्या बाकावर, मांडीवर फॉर्म. मी नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा. नाही.

जजसाहेब म्हणाले, "मिसेस ओल्टमन, आधी आजची बाकीची कामं वाचा. सावकाश."

वाहतुकीच्या दंडांची यादी वाचायला एरवी मला चार मिनिटं लागतात. आज अडतीस लागली. गाड्यांचे रंगसुद्धा वाचले. लेस्टर मागच्या बाकावर तक्रारदार म्हणून बसला होता आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होता. शेवटी तोच उठला. "जजसाहेब, एवढ्या बर्फात... म्हणजे, पत्रपेट्यांची मला तशी घाई नाही."

हार्लन पुटपुटला, "खाली बस, लेस्टर."

यादी संपली. ९.३८. जजसाहेबांनी वॉरंटचा कागद पुढे ओढला, चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. मिस्टर फॉक यांनी पेनाचं टोपण काढलं. मी तिथे उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की त्या कागदावर सही झाली की ती मी केलेली असेल.

जजसाहेबांचा हात थांबला. "मिसेस ओल्टमन, हे काय वाजतंय?"

फरशीखालून येत होतं. बारीक, दबकं, पण ठेका स्पष्ट.

"नाचाचा पोल्का आहे," डेल्बर्ट म्हणाला.

"कुठला?"

"लग्नातला!" लेस्टर ओरडला. "हाच तो! म्हाताऱ्याचा!"

सगळे खाली धावले. मी जिन्याचा कठडा धरून चालत गेले, कारण कोर्टात धावायला मनाई आहे आणि ती पाटी मीच लावली आहे.

तळघरात, कुलूपबंद फडताळापुढे, वेंडेल क्रान उलट्या बादलीवर बसला होता. गुडघ्यांपर्यंत बर्फ, लग्नाचा कोट, मांडीवर अकॉर्डियन. मला बघून ताडकन उभा राहिला.

"मिसेस ओल्टमन! कुठे होतात? मागच्या दाराने आलो, आठ वाजून दहा मिनिटांपासून बसलोय. तुम्ही सव्वाआठला पीठ घालायला येता ना? आज मंगळवार!"

"तू आलास कसा?" डेल्बर्टने विचारलं.

"बर्फ काढायच्या सरकारी गाडीवर. ती पलीकडून पूल साफ करत निघाली, तिच्या मागे मालाच्या हौद्यात. तुम्ही दिसलात शेरीफ, हात केला मी! तुम्ही कोर्टाच्या दिशेने बघत होतात."

हार्लन किंचाळलाच. "अरे, वर तुझं नाव दोनदा पुकारलं! वर का नाही आलास?"

वेंडेलने माझ्याकडे बघितलं. सात वर्षांचा असताना बघायचा तसंच.

"आधी तो, मग बाकी सगळं," तो म्हणाला. "बोटं गारठायला लागली म्हणून मग जरा वाजवला. गुन्हा आहे का?"

फडताळ उघडलं. अकॉर्डियन हातात घेतला. चिठ्ठी ११३ परत बांधली. गाठ दोन वेळा सुटली, दोरा जुना आहे.

९.४९ — कोर्ट पुन्हा बसलं. मिस्टर फॉक म्हणाले की प्रश्न अकरावा असा आहे: 'आरोपी नेमल्या वेळी न्यायालयात उपस्थित होता का?' पुढे दोनच चौकटी, हो आणि नाही.

मी उभी राहून सांगितलं की नोंद खरी व्हायला हवी. इमारतीत आगमन ८.१०. पुकारा ९.००, उत्तर नाही. कारण: मुख्य लिपिकेची चुकीची सूचना, आणि त्याच लिपिकेने सव्वाआठचं नेमलेलं काम न करणं. दोष आरोपीचा नाही, माझा आहे.

हार्लनने डोळे मिटून घेतले.

जजसाहेबांनी विचारलं, "मिस्टर फॉक, तुमच्या फॉर्ममध्ये न्यायालय म्हणजे खोली की इमारत?"

त्यांनी फॉर्म उलटून सुलटून पाहिला. "व्याख्या दिलेली नाही, साहेब." मग माझ्याकडे वळले. "तळघर इमारतीत मोडतं. हो." खूण केली. "तुमचा खुलासा जोडतो. पुरवणी म्हणून."

पत्रपेट्यांचा निकाल: जमीन मऊ झाली की वेंडेलने तिन्ही नव्या बसवायच्या. लेस्टर म्हणाला, खड्डे मी खणतो, त्याला सरळ रेषेत खणता येत नाही. दोघे भांडत भांडत एकाच गाडीतून घरी गेले. त्या नादात अकॉर्डियन फडताळातच राहिला.

आता जे तिकडे लिहिलं नाही ते. अकॉर्डियन माझ्याकडे नव्हता, तरी वेंडेल आला. खड्ड्यातल्या ट्रकमधून, नदीपलीकडून, बर्फाच्या गाडीच्या हौद्यात बसून आला, आणि आला तो वस्तू न्यायला नाही, द्यायला. म्हणजे माझा सिद्धान्त चुकीचा ठरला. मिस्टर फॉकना म्हटलं, "मग एकशे बारा जण कशासाठी आले, ते मला सांगता येत नाही." ते म्हणाले, "मला येतं, मिसेस ओल्टमन. पण त्याला माझ्या फॉर्ममध्ये चौकट नाही." काय ते विचारलं, तर नुसते हसले. सरकारी माणसं कधी सरळ उत्तर देत नाहीत.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सिद्धान्त चुकला की त्याच्यावर उभं केलेलं फडताळही ठेवता येत नाही. राज्याच्या कायद्यालाही ते नको आहे, आणि हार्लनलाही. सगळ्यांना फोन केले: आपापली वस्तू घेऊन जा, तारखेला मात्र यायचंच.

मिस्टर फॉक यांना चिठ्ठ्यांचं मूळ रजिस्टर वॉशिंग्टनला न्यायचं होतं. प्रत चालणार नाही म्हणाले.

"परत कधी येईल?"

"लवकरच. माझा शब्द."

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. त्यांनी उसासा टाकला, मग बॅग उघडली.

फडताळ बंद करताना केलेली नोंद इथे उतरवून ठेवते.

वेंडेल क्रान यांस अकॉर्डियन, एक. नेताना काउंटरवर एक धून वाजवली. मागितली नव्हती.

अर्ल बुस यांस बॉलिंगचा चेंडू, एक. "राहू दे की, फोन तर करालच ना?" असं विचारलं. फोन करणार असं सांगितल्यावर नेला.

अल्विना यान्सेन यांस बरणी, एक, जिवंत. अर्धं आंबवण दुसऱ्या बरणीत काढून मला दिलं. ते माझं, त्यावर चिठ्ठी नाही.

तितर, चौकट आणि इतर चार वस्तू मालकांस. कवळी, एक, जागेवरच घातली.

मिस्टर ऑरिन फॉक, केंद्र सरकार, यांस रजिस्टर, एक. बदल्यात घेतलं: त्यांचा वाचायचा चष्मा, एक. चिठ्ठी क्रमांक १२०. दाराशी फॉर्म डोळ्यांजवळ धरून म्हणाले की आता यावंच लागेल.

शेरीफ डेल्बर्ट रूस यांस टोपी, एक. समोर धरली. नेली नाही. कारण विचारलं, तर कान लाल झाले. आज थंडी तशी कमी होती.

चॉकलेटचा डबा, एक, मालक अज्ञात. शेरीफ म्हणाले की अज्ञात मालकाचं म्हणणं असं पडतं की तो मिसेस ओल्टमन यांनी ठेवून घ्यावा. मालकाच्या वतीने शेरीफांची सही घेतली. डबा उघडला. आत बारा होती. पैकी शेरीफांस दिलं: एक. कॉफीबरोबर.